तिसऱ्या सदस्याचे अश्रू

सोलापूर,
बुधवार, सकाळचे साडेसात
(चहा झाला आहे, आंघोळ व्हायची आहे)

तीर्थस्वरूप अक्कास,

एकनाथचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे गुडघे परवानगी देतील तितकाच. डावा ऐकतो, उजवा अजून स्वतःच्या मताने चालतो.) तुझी शुगर कितीवर आली? दाजींनी कवळी बसवली का, की अजून डबीतच ठेवून आल्यागेल्याला दाखवतात? उर्वीचा शाळेतला नाच कसा झाला? हिने विचारायला सांगितलंय की शेंगाचटणीचा डबा रिकामा झाला असेल तर परत पाठव, आणि झाला नसेल तर तुला चटणी आवडली नाही असं ती धरून चालेल. विचारायचं ते सगळं विचारून झालं. आता अक्का, तू नीट खुर्चीत बस, कारण मला मात्र हे लिहिताना बसवत नाहीये. दोन ओळी लिहितो आणि उठून खिडकीपर्यंत जाऊन येतो. तुझा भाऊ सरकारचा रसायन तज्ज्ञ झाला आहे!

हसू नकोस. किंवा हस, पण आधी दाजींना मोठ्याने वाचून दाखव आणि मग दोघं मिळून हसा. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं 'हॅलो' होईपर्यंत तुझी अर्धी कुर्डुवाडी सांगून झालेली असते. शिवाय एक काम आहे, ते कागदावरच होतं. त्याचं शेवटी बघू.

झालं असं. अक्कलकोट रस्त्याला, गाव संपून शेतं सुरू व्हायच्या जरा अलीकडे सरकारचं एक जुनं गोदाम आहे. त्यात आठ-दहा जिल्ह्यांतून गोळा केलेल्या, मुदत संपलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्या ठेवल्या होत्या. दंगा झाला की जमावावर फेकतात आणि लोक डोळे चोळत पळतात ना, त्या. या कुणावर फेकायच्याच राहिल्या आणि पेटीत पडल्या पडल्या म्हाताऱ्या झाल्या. त्या शास्त्रशुद्ध पद्धतीने नष्ट करायचं कंत्राट खात्याने उदयसिंह नावाच्या मोहोळकडच्या एका तरुणाला दिलं. (शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून हा गाडीतसुद्धा पाठ टेकत नाही.) आणि काम कसं होतंय हे बघायला खात्याने एक कामगिरी मूल्यमापन समिती नेमली. खात्याचे साहेब, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या रुद्राणी मॅडम, आणि तिसरा 'रसायन प्रयोगशाळेचा दीर्घ अनुभव असलेला स्थानिक नागरिक'. खात्याने आमच्या शाळेला पत्र घातलं, असा कोणी आहे का? हेडमास्तरांनी अगदी खरं तेच कळवलं, की श्री. एकनाथ हे एकतीस वर्षं रसायन प्रयोगशाळेत होते. तिथे काय करत होते हे कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. मी परीक्षानळ्या विसळत होतो, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि शाळेच्या बेसिनला माहीत आहे. पण पहिल्या दिवशी गळ्यात अडकवायचा बिल्ला आला, त्यावर छापील अक्षरांत 'रसायन तज्ज्ञ', आणि अक्का, एवढा सुंदर बिल्ला परत करणं माझ्याच्याने झालं नाही. मी तो घातल्यावर हिने माझा फोटो काढला आहे. (मी काढायला सांगितला.)

आता पैशाचं समजून घे, कारण सगळी गंमत त्यात आहे. कंत्राटदाराला ठरलेली रक्कम मिळतेच. पण काम उत्तम झालं तर वर प्रोत्साहन शुल्क. उत्तम म्हणजे शंभरपैकी पंच्याऐंशी गुण. चौऱ्याऐंशी पडले तर भोपळा. आणि त्या शुल्कातला चौथा हिस्सा काम करणाऱ्या अठरा बायकांना वाटून द्यायचा, असं कंत्राटातच लिहिलं आहे. या बायका आधी विड्या वळायच्या. बारीक, नाजूक काम भरभर करणारे हात म्हणून उदयसिंहाने त्यांनाच घेतलं. विडी गुंडाळायची तशी नळकांडी उलगडायची, एवढाच फरक. त्यांची म्होरकी अंबुबाई. तिचा बेत पक्का आहे. हिश्श्याचे पैसे आले की गॅसची मोठी शेगडी आणि वर भाकऱ्या भाजायला पत्रा घ्यायचा आणि कडक भाकरीचा धंदा टाकायचा. तंबाखूने तिची छाती धरते, पुन्हा विडीला हात लावायचा नाही असं तिने ठरवलं आहे. कामावर असताना दुपारच्या डब्यातली एक भाकरी ती रोज मला चाखायला द्यायची आणि मत विचारायची. (मी तिथे सुद्धा गुण देत होतो. दहापैकी नऊ.) तेव्हा गुण म्हटले की मला उदयसिंहाची इस्त्री दिसत नव्हती, अंबुबाईची शेगडी दिसत होती.

गुणांचे दोन नियम फार मजेचे आहेत. पहिला असा की प्रत्येक खेपेतली एक नळकांडी आधी आमच्यासमोर फोडायची आणि ती जिवंत आहे हे सिद्ध करायचं. मेलेली निघाली तर ते साधं भंगार, आणि भंगार फोडण्याबद्दल प्रोत्साहन कोण देणार? दुसरा नियम असा की आजूबाजूच्या वस्तीत कुणाच्याही डोळ्यांना त्रास झाल्याची तक्रार आली की प्रत्येक तक्रारीमागे दोन गुण कापायचे. म्हणजे उदयसिंहाने सकाळी देवाला हात जोडायचे की समितीला भरपूर रडू येऊ दे, आणि दुपारी त्याच देवाला सांगायचं की शेजाऱ्यांना मुळीच येऊ नको देऊस. त्या पोराची मला कीव यायची.

आणि जिवंत आहे हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठी एक यंत्र मंजूर आहे, पण त्याचे सेल मंजूर नाहीत. म्हणून जुनं परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं आहे की तीन सदस्यांनी दहा पावलांवर बसावे व त्यांच्या डोळ्यांस पाणी आल्यास नळकांडी सक्रिय समजावी. छापील तक्ताच आहे. सदस्याचं नाव, हुद्दा, अश्रू: होय किंवा नाही, सही. आम्ही तिघं पत्र्याच्या खुर्च्यांवर रांगेत बसायचो आणि समोर एक माणूस तोंडाला फडकं बांधून नळकांडी फोडायचा. मुलगी बघायला आल्यासारखे आम्ही गंभीर चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहायचो.

पहिल्याच दिवशी साहेब असे रडले म्हणतेस! रुद्राणी मॅडमनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले. आणि मी? अक्का, मी कोरडा ठणठणीत. तुला यात काही नवल वाटणार नाही. विहिरीच्या काठावरून पडून हात मोडला तेव्हा मी रडलो नाही, आणि बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही नाही. तू तेव्हा सगळ्यांदेखत मला दगड म्हणालीस आणि दर भाऊबीजेला ओवाळताना एकदा तरी तो दगड काढतेस. मी ताटात ओवाळणी टाकून मोकळा होतो. नाही आलं पाणी. अमोनियाच्या बाटल्या एकतीस वर्षं हुंगून डोळे निबर झाले असतील असं मी स्वतःला सांगत आलो. पण साहेब मात्र चकितच झाले. म्हणाले, तज्ज्ञांना काही होत नाही, बघा, याला म्हणतात अनुभव! आणि तक्त्यात माझ्या नावापुढे 'अनुभवी' असं लिहून खेप मंजूर केली.

मला मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती. माझं नाक तुला माहीत आहे. चिठ्ठी निघालेल्या बाटल्या मी वासावरून ओळखून जागेवर लावायचो, तेही सर लोक शिकवायला लागायच्या आत. नळकांडी फोडली की तिच्यातून फुसकन थोडी भुकटी पडायची, तिला जुन्या वहीसारखा वास. बस्स. पण हवेत दुसराच वास होता, आणि तो मी झोपेतही ओळखला असता. तिखटाचा! गोदामाच्या भिंतीला लागूनच पार्वतम्माचा मिरची कांडायचा विजेचा डंक आहे. मार्च महिना, अर्धं सोलापूर वर्षाचं तिखट करायला तिच्या दारात पोती घेऊन रांगेला. डंक सुरू झाला की भिंतीवरून लाल वारा यायचा आणि साहेबांचा बांध फुटायचा. नळकांड्या कधीच्याच मेल्या होत्या, अक्का! सरकार मिरचीला रडत होतं!

(त्या वासाने मला आपलं घर आठवलं. बाबा गेल्यावर आईने लोकांच्या घरचं कांडप घेतलं होतं. मागच्या पडवीत उखळ, हातात मुसळ, आणि कोपरापर्यंत हात कधी लाल, कधी पिवळे. डोळे मात्र कायम वाहत असायचे. मी आठ वर्षांचा. 'आई, रडतेस का गं?' असं विचारलं की ती म्हणायची, 'रडत नाही रे, मिरची आहे.' मला वाटायचं, आईला मिरची सोसत नाही.)

तर शेजारच्या वस्तीतून तक्रारी येऊ लागल्या की डोळे चुरचुरतात. उदयसिंह घरोघर जाऊन हात जोडायचा की बाई, ही मिरची आहे हो, आमच्या नळकांड्यांचा काही संबंध नाही. तिथून धावत गोदामात यायचा आणि साहेबांना सांगायचा की साहेब, नळकांडी काय जहाल आहे बघा, मिरचीचा काही संबंध नाही. एके दिवशी या दोन्ही गोष्टी तो एकाच फोनवर दोन माणसांना सांगताना मी ऐकला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. (यामुळे तो मला आवडायला लागला.)

सहा खेपा अशा पार पडल्या आणि मग वरच्या कार्यालयातून कागद आला. तो मी उतरवून घेतला आहे: 'तिसऱ्या सदस्याच्या रकान्यात अनुभवी अशी नोंद दिसते. सदर रकान्यात होय किंवा नाही एवढेच अपेक्षित आहे. तरी तिसऱ्या सदस्याचे अश्रू मार्चअखेर सादर करावेत.' रकाना पुरा झाला तर पाच गुण. आणि आमचे तोपर्यंतचे गुण किती, माहीत आहे? एक्क्याऐंशी! म्हणजे अठरा बायकांचा हिस्सा, अंबुबाईची शेगडी आणि उदयसिंहाचं पुढचं कंत्राट, सगळं माझ्या डोळ्यांवर येऊन अडकलं. आयुष्यात माझ्यावर एवढं काही कधी अडलं नव्हतं. शाळेत मी आलो नाही तर फार तर दुसरा कुणी नळ्या विसळायचा.

मी प्रयत्नांत कसूर केली नाही. कांदे चिरले. हिने पाच किलो कांदे चिरून घेतले आणि त्याची भाजी आम्ही चार दिवस खाल्ली, पण डोळे कोरडेच. हिच्याबरोबर बसून टीव्हीवरच्या दोन मालिका पाहिल्या. ही रडली, मी झोपलो. शेवटी पार्वतम्माकडे गेलो आणि म्हटलं, चिमूटभर सगळ्यात जहाल तिखट द्या, रुमालाला लावायचंय. तिने मला खालून वर पाहिलं. "काय करायलाव ओ सर? लोक तिकट भाजीत घालतेत, तुमी रुमालात घालायलाव?" आणि पैसे न घेता मूठभर दिलं.

इथे जो घोटाळा झाला तो मात्र माझ्या हातून झाला, आणि तो लिहिताना मला अजूनही खुर्चीत अंग चोरून बसावंसं वाटतं. सातव्या खेपेला रुमाल खिशात तयार. नळकांडी फुटली, डंक धडधडत होता, साहेब नेहमीप्रमाणे वाहू लागले, आणि त्यांचा स्वतःचा रुमाल भिजून चिंब झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात केला. समोर खात्याचा अधिकारी, मागतोय रुमाल, आणि माझी नोकरी शिपायाच्या बरोबरीची झालेली. अक्का, एकतीस वर्षांची सवय! साहेबाने हात पुढे केला की हातात असेल ते द्यायचं. मी दिला. त्यांनी तो दोन्ही डोळ्यांवर दाबून धरला.

पुढचं सगळं एका दमात झालं. साहेब उठले, खुर्ची घेऊन उठले, कारण ती त्यांच्याबरोबरच वर आली. अंबुबाईने पाण्याची घागर त्यांच्या डोक्यावर उपडी केली. उदयसिंहाची इस्त्री पहिल्यांदाच मोडली. साहेबांचा चेहरा दोन दिवस सुजून होता, आणि त्या चेहऱ्याने त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं असेल? 'ही खेप विशेष सक्रिय आढळली. कंत्राटदाराने अतिशय धोकादायक माल धैर्याने हाताळला आहे,' आणि पाच गुण वाढवले! रुद्राणी मॅडमनी त्याच घटनेबद्दल सुरक्षिततेचे पाच गुण कापले. म्हणजे जिथे होतो तिथेच, एक्क्याऐंशी. माझा रकाना पुन्हा रिकामा, कारण या सगळ्या धावपळीत माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता आणि बघितलं असतं तरी मी कोरडाच होतो.

आता कालचा मंगळवार. शेवटची, आठवी खेप. आणि काल दुरुस्तीसाठी त्या भागातली वीज दिवसभर बंद! डंक गप्प. भिंतीवरून वारा आला तो निव्वळ वारा. नळकांडी फोडली. आम्ही तिघं बसलोय. साहेब डोळे मोठे करून वाट बघताहेत. मिनिट गेलं, दोन गेली. एक कावळा येऊन नळकांडीजवळ बसला, भुकटीत चोच घालून पाहिली आणि कंटाळून उडून गेला. उदयसिंहाचे कान लाल झाले. अठरा बायका काम थांबवून दारात उभ्या. आणि मला एकदम ते सगळं असह्य झालं. हे खोटं माझ्या नावावर आणि माझ्या बिल्ल्यावर चाललं होतं ना! मी उठलो. गुडघे कुरकुरले तरी उठलो. बिल्ला काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. की मी तज्ज्ञ नाही, मी नळ्या विसळणारा माणूस आहे. की या नळकांड्या मेलेल्या आहेत आणि आजवर आपण पार्वतम्माच्या तिखटाला रडलो, आज डंक बंद म्हणून सगळे कोरडे आहोत. रुमालाचंसुद्धा सांगितलं. आयुष्यात सलग एवढं मी कधीच बोललो नव्हतो. बोलताना अंबुबाईकडे बघायचं टाळत होतो, कारण मी तिची शेगडी माझ्या हाताने विझवत होतो हे मला समजत होतं.

तुला वाटेल, आता धरणी दुभंगली असेल. साहेब शांतपणे म्हणाले की हा विषय आजच्या कार्यसूचीवर नाही. मग जरा विचार करून म्हणाले, सात खेपांच्या तक्त्यावर 'होय' म्हणून माझी सही आहे, आणि हे गोदाम धोकादायक म्हणून दहा वर्षं पहारेकऱ्यांचा भत्ता निघाला आहे, तो काय मिरचीसाठी निघाला? आणि लिहून घेतलं: 'तज्ज्ञ सदस्यांनी वाऱ्याच्या दिशेबाबत मौलिक सूचना केल्या.' मला बिल्ला परत देण्यात आला. रुद्राणी मॅडम तोंडावर पदर धरून होत्या. त्या हसत होत्या की खोकत होत्या, ते अजून ठरलेलं नाही.

मी परत खुर्चीत बसलो. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. धप्. मग जरा थांबून, धप्. वीज नाही म्हणून गिऱ्हाईक अडलेलं, तेव्हा पार्वतम्माने तिचं जुनं उखळ बाहेर काढलं होतं आणि हाताने कांडत होती. मुसळ वर नेताना श्वास, खाली आणताना हुंकार. मी हुंगून पाहिलं. हळद होती. नुसती हळकुंडं.

आणि अक्का, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं! थोडंथोडकं नाही, हनुवटीवरून खाली, बिल्ल्यावर. मला थांबवता येईना. अंबुबाई पुढे आली आणि म्हणाली, "काका, रडायलाव व्हय तुमी?" आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, "रडत नाही गं, मिरची आहे."

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "मिरची कुठली? आज डंक बंद आहे, हे तर आत्ता तुम्हीच सांगितलंत! मिरची नाही म्हणजे नळकांडीच!" माझ्याच कबुलीने त्यांनी मला धरलं. तक्ता ओढला, माझ्या नावापुढे 'होय' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. स्वतःचे डोळे जोरजोराने चोळून त्यांनी स्वतःचाही 'होय' भरला, आणि मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि त्यांनीही सही केली. (त्यांना कशाने पाणी आलं ते मी विचारलं नाही.) शहाऐंशी! बायकांनी टाळ्या वाजवल्या. उदयसिंह माझ्या पाया पडला आणि पँटची घडी मोडली. निघताना मी अंबुबाईला बाजूला घेऊन म्हटलं, बाई, हे खरं नाही गं. तर ती म्हणाली, "आमाला समजलंय काका. पर आमाला समजलं न्हाय, असं आमी समद्यांनी ठिवलंय."

तर असं आहे. हे सगळं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. दाजींना नमस्कार, उर्वीला खाऊ घेण्यापुरता आशीर्वाद. पत्र संपवतो. आंघोळीचं पाणी दुसऱ्यांदा तापलं आहे आणि हिने बादलीवर तांब्या वाजवून तसं कळवलं आहे.

तुझा धाकटा,
एकनाथ
(सध्या रसायन तज्ज्ञ)

ता. क. चटणीच्या डब्याचं झाकण वेगळं पाठवू नकोस. मागच्या वेळी झाकण आलं आणि डबा दिवाळीला आला.

ता. क. २. आता ते काम. साहेबांचा पहाटेच फोन आला. त्यांना रात्रभर विचार करून शंका आली आहे की वरचं कार्यालय विचारेल, हे अश्रू नळकांडीचेच कशावरून? सदस्य मुळात रडका असला तर? तेव्हा सदस्यास रडण्याची सवय नाही, असं त्याच्या जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं आहे. तुझ्याशिवाय माझं वडीलधारं आता कोण आहे? मजकूर मी तयार केला आहे, तू फक्त उतरवून काढ: 'माझा धाकटा भाऊ एकनाथ यास रडण्याची सवय नाही. आमची आई वारली त्या वेळीही त्याच्या डोळ्यांस पाणी आले नाही, हे मी समक्ष पाहिलेले आहे.' यात एकही शब्द खोटा नाही आणि गेली बारा वर्षं तुला तो तोंडपाठ आहे.

ता. क. ३. हे पत्र घेऊन दारात जो उभा आहे, पाठ न टेकता, तो खुद्द उदयसिंह. त्याला चहा दे. तू लिहून देईपर्यंत तो हलणार नाही आणि किती पैसे देऊ असं तुला विचारील. घेऊ नकोस. बस म्हणावं, पण कॉटवर बसवू नकोस, घडी मोडते.

ता. क. ४. हे दाजींना वाचून दाखवू नकोस. अक्का, हळद डोळ्यांना झोंबत नाही. काल त्या खुर्चीत बसून मी ते उखळ ऐकत होतो आणि एकदम लक्षात आलं की आईचे हात पिवळे असायचे त्या दिवसांतही तिचे डोळे वाहायचे, आणि त्या दिवसांतही ती म्हणायची, मिरची आहे. मी अठ्ठावन्न वर्षं ते खरं धरलं. मी! ज्याला बंद बाटलीचा वास येतो तो! तुला तेव्हाच माहीत होतं ना? तू तिच्या शेजारी जाऊन बसायचीस आणि मी अंगणात खेळायला जायचो. काल जे आलं ते तिचं होतं. फार उशीर झाला, पण आलं. दगड म्हणायचं आता सोड. मात्र हे त्या दाखल्यात लिहू नकोस. बायकांचे पाच गुण जातील.